कुंकळ्ळीची दोन स्मारकं आणि एका वाक्यातलं उत्तर

मडगावहून काणकोणच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कुंकळ्ळी येते. या गावात एकाच संघर्षाची दोन स्मारकं आहेत. एक चॅपल आहे, इथे मारल्या गेलेल्या पाद्र्यांची आठवण सांगणारं. दुसरं गावच्या महानायकांचं. त्या पाद्र्यांचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी ज्या गांवकरांना ठार केलं, त्यांचं. गावातला माणूस दोन्हींसमोरून रोज ये-जा करतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो, की इथे नेमकं कोणासमोर हात जोडायचे?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अल्पसंख्याकांची बाजू असावी का, हा वाद निघाला की मला हीच दोन स्मारकं आठवतात. वादात दोन्हीकडची वाक्यं ठरलेली असतात. एक म्हणतो, देशाचा इतिहास एकच, त्यात वाटण्या कसल्या करता? दुसरा म्हणतो, आमचं नाव कुठेच नाही. दोघंही 'बाजू' हा शब्द वापरतात, पण बाजू म्हणजे काय हे कोणी सांगत नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू, आणि कुंकळ्ळीतूनच करू.

१५६७ साली पोर्तुगिजांनी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली देवळं पाडली, जाळली. कुंकळ्ळीच्या लोकांनी आपली शांतादुर्गा फातर्प्याला नेली. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडा हा सगळा पट्टा धुमसत होता, लोक कर भरायला तयार नव्हते. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट पाद्री कुंकळ्ळीत आले. चर्चसाठी जागा पाहायची, क्रूस उभारायचा, हा बेत होता. गाव चालून गेलं आणि पाचही जण मारले गेले. त्यांच्याबरोबर एक पोर्तुगीज आणि चौदाएक स्थानिक ख्रिस्तीही मेले. पुढे वाटाघाटीच्या मिषाने गावच्या गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं, आणि कसलीही चौकशी न करता सोळापैकी पंधरा जणांना तिथेच संपवलं. एकाने नदीत उडी मारली आणि तो वाचला, असं गाव सांगतं.

पाचांतला मुख्य होता रुदोल्फो आक्वाविवा. काही वर्षांपूर्वी माझी भाची सातवीत असताना मी तिचा अकबराचा धडा घेत होतो. फत्तेपूर सिक्रीचा इबादतखाना, तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या पंडितांशी बादशहाच्या चर्चा, त्यात रोमन कॅथलिक जेझुइट पाद्रीही. तिने विचारलं, "मामा, हे पाद्री आले कुठून?" म्हटलं, आपल्याकडूनच. गोव्याहून गेले होते. "मग त्यांचं पुढे काय झालं?" अकबराच्या दरबारातून परत आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्यातला एक कुंकळ्ळीत मारला गेला, हे तिला सांगितलं, तेव्हा तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. त्यात ते नव्हतं. असायचं कारणही नव्हतं म्हणा. दिल्ली-आग्र्याहून पाहिलं तर आक्वाविवा हा बादशहाच्या उदारपणाचा पुरावा. रोमहून पाहिलं तर हुतात्मा; चर्चने १८९३ साली त्या पाचांना 'धन्य' घोषित केलं. कुंकळ्ळीतून पाहिलं तर देवळं पाडणाऱ्या सत्तेच्या सावलीत आलेला माणूस.

माणूस तोच, मृत्यू तोच. पाच पाद्री मेले यावर कोणाचा वाद नाही, गांवकरांना दगा देऊन मारलं यावरही नाही. या झाल्या घटना. वेगळं काय आहे? गोष्ट कुठून सुरू केली हे. १५८३ पासून सुरू केली तर गाव खुनी ठरतं, आणि १५६७ पासून सुरू केली तर तेच गाव चिडलेलं, पिळलेलं गाव होतं. 'बाजू' म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं: गोष्टीला सुरुवात कुठे केली, कोणाची नावं घेतली आणि कोणाची 'इतर' या शब्दात गुंडाळली. पाच जेझुइटांची नावं जगभर माहीत आहेत. त्यांच्याबरोबर मेलेले ते चौदाएक गोमंतकीय ख्रिस्ती मात्र 'धन्य' झालेल्यांत नाहीत आणि महानायकांतही नाहीत. दोन स्मारकं असूनही ते दोन्हींच्या मधल्या जागेत पडून राहिले.

आता या गावात अल्पसंख्याक कोण ते ठरवून बघा. कुंकळ्ळीच्या गांवकरांचे बारा वांगड, म्हणजे बारा घराणी. शिमग्याच्या दिवसांत फातर्प्याहून देवी जुन्या गावाच्या भेटीला येते, त्या 'सोंत्रेओ'च्या मिरवणुकीत बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या नाचतात. चर्चमध्ये सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेचं, फेस्त होतं, त्याचा मानही बारा वांगडांकडेच, कॅथलिक झालेल्या घराण्यांकडे. म्हणजे कुंकळ्ळीचा कॅथलिक गांवकर रक्ताने मारल्या गेलेल्या महानायकांचा वारस आणि श्रद्धेने मारल्या गेलेल्या पाद्र्यांचा. त्याची 'अल्पसंख्याक बाजू' कोणती म्हणून छापणार? 'गोव्यातल्या ख्रिश्चनांचं म्हणणं' अशी एक चौकट टाकली की काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुंकळ्ळीला एक चक्कर मारावी.

आकडे बघायचे तर २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात. त्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुसलमान ८ टक्क्यांच्या वर. अनुसूचित जमाती, म्हणजे गावडा, कुणबी, वेळीप, दहा टक्क्यांच्या आसपास. पण हे धर्माचे आणि जातीजमातीचे आकडे. भाषेचे काढले तर चित्र फिरतं, आणि आपण मराठीवाले एकदम दुसऱ्या रकान्यात जाऊन पडतो. सगळ्या देशाच्या तुलनेत तर अख्खा गोवाच अल्पसंख्याक. राष्ट्रीय पुस्तकात गोव्याच्या वाट्याला ओळी येतात: १५१० साली आल्बुकेर्क आला, १९६१ साली लष्कर आलं. मधली साडेचारशे वर्षं आम्ही जणू बांधावर बसून वाट पाहत होतो!

या ओळी लिहितं कोण, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं की कोणीतरी मंत्री बसून धडा लिहितो. शिक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर केंद्र आणि राज्य या दोघांच्या सामाईक सूचीत आहे. दिल्लीची एनसीईआरटी अभ्यासक्रमाचा आराखडा आणि नमुन्याची पुस्तकं काढते; राज्य ती तशीच घेतं, त्यांना पुरवणी जोडतं किंवा स्वतःची लिहितं. गोव्यात पर्वरीला शालान्त मंडळ आहे, खालच्या इयत्तांसाठी एससीईआरटी आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा हक्क दिला आहे, आणि गोव्यात चर्चच्या शाळा गावोगावी आहेत. पण शाळा कोणाचीही असो, दहावीचा पेपर मंडळाचा. त्यामुळे पाद्रींच्या शाळेतला मुलगा आणि देवस्थानाच्या शेजारच्या मराठी शाळेतली मुलगी 'कारणे द्या'ला तेच उत्तर लिहितात. पानं मोजकी, तासिका मोजक्या. एक गोष्ट आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागते, आणि बाहेर कोण जातं हे सांगायला ज्योतिषी नको.

मला मात्र खरी अडचण पानांची वाटत नाही, ती मार्कांची वाटते. आपलं पुस्तकच सुरुवातीला शिकवतं, 'इतिहासाची साधने': भौतिक, लिखित, मौखिक. परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते आणि पोरं घडाघडा लिहितात, की ओव्या, लोकगीतं, लोककथा ही मौखिक साधने होत. पुढच्या धड्यांमध्ये त्यातली एकही ओवी येत नाही. पहिल्या धड्यात सांगितलेलं पुढच्या धड्यांतून पाळलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

ओव्यांवरून आठवलं. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'ख्रिश्चनांनी हिंदूंचा छळ केला.' १५६० साली हे धर्मन्यायालय गोव्यात आलं, मधली चार वर्षं बंद पडलं आणि १८१२ साली कायमचं उठलं. ते मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चालायचं. आधी रोख होता यहुद्यांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांवर, मग मोठ्या संख्येने नवख्रिस्ती गोमंतकीयांवर, कारण ते घरात जुने रिवाज पाळत. हिंदूही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत; देवळं, उत्सव, लग्नविधी यांवर बंदीचे वेगळे कायदे होतेच. पण कोठडीत बसलेला आरोपी बहुधा कॅथलिक गोंयकार होता. १७३६ चा या न्यायालयाचा हुकूमनामा वाचला तर थक्क व्हायला होतं. तुळस लावायची नाही. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही. भात हिंदूंसारखा अळणी शिजवायचा नाही! इन्क्विझिशन येऊन पावणेदोनशे वर्षं झाल्यावरही हे हुकूम काढावे लागले, याचा अर्थ लोक तुळस लावत होते, ओव्या म्हणत होते आणि भात अळणीच शिजवत होते.

आता सांगा, इन्क्विझिशनच्या धड्यात 'अल्पसंख्याकांची बाजू' घातली तर काय होईल? पोर्तुगिजांवर पांघरूण पडेल ही भीती उगाच आहे. उलट आज उत्तर गोव्यात, बार्देशातल्या एखाद्या शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या कॅथलिक मुलाला कळेल की या धड्यातला छळलेला माणूस आपला पणजोबाचा पणजोबा होता. सध्या त्याला तो धडा मान खाली घालून ऐकावा लागतो, आणि मागच्या बाकावरचं कोणीतरी त्याच्याकडे बघून हसतं. २०२५ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात इतिहासातल्या काळ्या कालखंडांविषयी एक टीप आहे. तिचा आशय असा, की जे घडलं ते पुसता येत नाही, पण त्यासाठी आज कोणाला जबाबदार धरणं चूक आहे. टीप चांगलीच आहे. पण ती वेगळ्या चौकटीत छापावी लागली, यातच धड्याची अडचण दिसते. छळ कोणाचा झाला हे धड्यातच नीट सांगितलं, तर टीपेची गरज अर्धी कमी होते.

हीच गोष्ट स्वातंत्र्यलढ्याची. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट झाला. त्यातले पुढारी बरेचसे गोमंतकीय पाद्री आणि लष्करातले लोक. शिकलेसवरलेले असूनही, कातडी गोरी नाही म्हणून वरच्या जागा मिळत नाहीत, हा राग त्यामागे होता. ४७ जण पकडले, १५ जणांना हाल करून मारलं. अठराशे सत्तावनच्या सत्तर वर्षं आधी. काही अभ्यासक याला स्वातंत्र्याचा उठाव म्हणतात, काहींच्या मते ती बढतीची भांडणं होती. मुलांना दोन्ही सांगावं. नववीतल्या मुलाला एवढं कळतं. पुढे १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी काढणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, १९४६ साली राममनोहर लोहियांना असोळण्यात आपल्या घरी उतरवून घेणारे डॉ. जुलियांव मिनेझिस, ही नावं धर्माने कोणत्या रकान्यात येतात ते तुम्हीच बघा. 'ते पोर्तुगिजांचे' हा आपल्या घराघरांत मुरलेला समज पुस्तकाने एका पानात मोडता येतो. मोडत नाही, कारण ही नावं येतात ती 'जोड्या लावा'त.

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्या मराठी वाचकाची परीक्षा आता आहे, माझीही. नोव्हेंबर १६८३. पोर्तुगीज व्हिसेरेई (व्हाइसरॉय) कोंद दि आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. संभाजीराजे आले आणि त्याला पिटाळून लावलं. मग एका रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून जुवें बेट घेतलं. गोवा शहर, म्हणजे पोर्तुगिजांची तेव्हाची राजधानी, पडणार अशी वेळ आली. व्हिसेरेई बॉं जेझुस चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या हातात ठेवला: आता राज्य तूच सांभाळ. मराठी फौजा सासष्टीत, बार्देशात शिरल्या. तेवढ्यात मोगलांचा शहाजादा मोठी फौज घेऊन आला आणि मराठ्यांना परतावं लागलं.

आपल्या पुस्तकात ही शौर्याची गोष्ट आहे, आणि ती आहेच. पण बार्देशातल्या एखाद्या वाड्यावरच्या कुटुंबाकडून ती ऐकायला गेलात तर तिची सुरुवात 'फौज आली' अशी होते. जाळपोळ, लूट, पळापळ. त्या कुटुंबाला व्हिसेरेईचं प्रेम असेलच असं नाही. याच व्हिसेरेईने पुढच्या वर्षी, १६८४ मध्ये, फर्मान काढलं की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं! म्हणजे ते घर दोन्हीकडून भरडलं गेलं. हे सांगितल्याने संभाजीराजांचा मोठेपणा कमी होतो असं मला वाटत नाही. सतराव्या शतकातली युद्धं अशीच होती, आणि फोंडा वाचवणारी स्वारीच बार्देशाला जड गेली, हे दोन्ही एका पानावर मावतं. पण हे पान लिहायला घेतलं की हात थांबतो, हे मी मान्य करतो. माझं घर अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात आहे. लहानपणी मला फोंड्याचीच गोष्ट सांगितली गेली.

आणि एक गंमत. संभाजीराजांच्या त्या मोहिमेचा बारीकसारीक तपशील आपल्याला कळला कुठून? बराचसा पोर्तुगीज दप्तरांतून. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य घातलं, शत्रूची पत्रं, अहवाल, हिशेब वाचून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. घाबरलेल्या व्हिसेरेईच्या कागदांनीच मराठ्यांचा दरारा सिद्ध केला. दुसऱ्याची बाजू ऐकायची नाही असं पिसुर्लेकरांनी ठरवलं असतं तर आपलाच धडा चार ओळींचा राहिला असता.

पुढचं उदाहरण याहून जवळचं आहे. ते बऱ्याच घरांत अजून जेवणाच्या ताटावर वाद पेटवतं.

१६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर जनमत कौल. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आज १६ जानेवारी अस्मिताय दीस म्हणून साजरा होतो, आणि विलीनीकरणविरोधकांचे पुढारी डॉ. जॅक सिक्वेरा यांचं नाव आदराने घेतलं जातं. ते योग्यच. पण मत दिलेल्या शंभरातल्या साधारण ४४ जणांनी फुलावर शिक्का मारला होता, त्यांचं काय? ते गोव्याचे वैरी होते का? त्यांच्यातले पुष्कळ जण बहुजन समाजातले, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार, कुळं. त्यांना वाटत होतं की गोवा वेगळा राहिला तर सत्ता पुन्हा भाटकारांच्याच, म्हणजे जमीनदारांच्याच हातात जाईल. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मराठी शाळांतून त्यांची पोरं पहिल्यांदा पाटीवर अक्षरं गिरवू लागली होती. महाराष्ट्र म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर नकाशा नव्हता, शाळा होती.

या निकालात मराठीवादी हरले, त्यामुळे त्यांची बाजू आता 'अल्पसंख्याकांची बाजू' झाली आहे. ती पुस्तकात यावी असं मला वाटतं, म्हणूनच बार्देशाची १६८३ ची बाजूही यावी असं म्हणायला मी बांधील आहे. एक मागायची आणि दुसरी नाकारायची हे चालणार नाही.

आणि कौलाची गोष्टही आपण समजतो तितकी सरळ नाही. विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यात धारदार लिखाण झालं ते 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकात. म्हणजे मराठी वाचणारा प्रत्येक जण फुलावर होता हे खोटं. निःपक्षपाती कौल व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. कौलात हरल्यावर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, आणि त्याच लोकांनी बांदोडकरांच्या विलीनीकरणवाल्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षालाच पुन्हा निवडून दिलं! विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत. हे एका वाक्यातल्या उत्तरात कसं बसवणार? पण मतदार काय विचार करतो हे नागरिकशास्त्राच्या दहा धड्यांत कळणार नाही ते या एका गोष्टीत कळतं.

आता आक्षेपांकडे येऊ. देशाची एकी बिघडेल, हा पहिला. मला तो पोकळ वाटतो. एकी जर एका धड्याने बिघडत असेल तर ती एकी नव्हेच. मुलं लहान आहेत, हा दुसरा, आणि त्यात तथ्य आहे. पाचवीतल्या पोराला दोन विरुद्ध गोष्टी देऊन 'आता तूच ठरव' म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं. त्या वयात गोष्ट एकच असावी, फक्त कोणाला राक्षस करणारी नसावी. आठवी-नववीपासून मात्र झेपतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: मग प्रत्येक म्हणण्याला पान द्यायचं का? 'पोर्तुगिजांच्या वेळी बरं होतं' असं म्हणणारी माणसं आजही भेटतात, त्यांनाही? इथे बाजू आणि दावा यांत फरक करावा लागतो. 'मला तो काळ बरा वाटला' ही आठवण आहे. ती का तशी राहिली, हे विचारण्यासारखं आहे. शिस्त होती, स्वस्ताई होती, १९६१ नंतर नोकरीतली पोर्तुगीज भाषा एका रात्रीत निरुपयोगी झाली, अशी उत्तरं मिळतात. पण 'पोर्तुगिजांच्या राज्यात लोक मोकळे होते' हा दावा आहे, आणि तो पुराव्यापुढे टिकत नाही. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे, हे गोव्यातली जुनी माणसं सांगतात. आठवणीला जागा द्यावी, खोट्या दाव्याला देऊ नये. धर्म, भाषा, संख्या कोणतीही असो, गाळणी तीच.

पण ही गाळणी कागदाची आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. आल्बुकेर्कने १५१० साली शहर घेतल्यावर मुसलमानांची कत्तल केली, हे त्याने स्वतःच राजाला लिहिलेल्या पत्रात बढाई मारून सांगितलं आहे, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मारणाऱ्याने लिहून ठेवलं. मेलेल्यांचं एक अक्षर नाही. गावडे आणि कुणबी तर त्याहून मागे. डोंगर उतरून ज्यांनी शेतं काढली, खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध घातले, त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांचं जे आहे ते धालो आणि जागर या लोकनाचांत, आणि ते जिथे होतात त्या मांडावर. १९२८ साली तिसवाडी आणि आसपासच्या हजारो ख्रिस्ती गावड्यांना शुद्धी करून हिंदू धर्मात घेतलं गेलं, ते 'नवहिंदू' म्हणून ओळखले जाऊ लागले. या घटनेबद्दल शुद्धी करणाऱ्यांचं म्हणणं मिळतं, चर्चचं मिळतं. गावड्यांना त्या दिवशी काय वाटलं, हे मांडावर जाऊन विचारणारे थोडे. पुस्तकात अल्पसंख्याकांची बाजू म्हणून सगळ्यात आधी काय घ्यायचं असं मला कोणी विचारलं, तर मी हे सांगेन. लिहिता येणारे अल्पसंख्याक आपली भांडणं आपण लढतात.

दोन बाजू छापायच्या कशा, याचा एक नमुना परदेशात झाला आहे. इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांनी मिळून एक पुस्तक केलं: पानाच्या एका कडेला एकांचा इतिहास, दुसऱ्या कडेला दुसऱ्यांचा, आणि मधली जागा कोरी, विद्यार्थ्याने स्वतः लिहायला. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी ते शाळांत घेतलं नाही, यात नवल नाही. जर्मनी आणि फ्रान्स यांनी मात्र २००६ पासून एकत्र इतिहासाचं पुस्तक काढून शाळांत वापरलं. फरक उघड आहे. भांडण विझल्यावर असं पुस्तक जमतं, पेटलेलं असताना जमत नाही. गोव्यात १५८३ चं भांडण विझलेलं आहे, बारा छत्र्या आणि फेस्त शेजारी शेजारी चालतात. १९६७ चं अजून धुगधुगतं आहे.

भाची आता मोठ्या वर्गात आहे. तिला मागच्या वर्षी प्रकल्प होता: घरातल्या वडीलधाऱ्यांना जनमत कौलाबद्दल विचारा. तिने माझ्या काकांना विचारलं, ते फुलवाले. मग मी तिला शिवोलीला माझ्या एका मित्राच्या वडिलांकडे घेऊन गेलो, ते दोन पानांवाले. काका अर्धा तास मास्तरांबद्दल बोलले, गावात पहिली शाळा कशी आली त्याबद्दल. शिवोलीच्या म्हाताऱ्यांनी आधी चहा आणि दोदोल समोर ठेवला, मग सांगितलं की मत मोजणीच्या रात्री त्यांची आई देवासमोर मेणबत्त्या लावून झोपलीच नव्हती. दोघांनीही, वेगवेगळ्या गावांत बसून, शेवटी एकच वाक्य म्हटलं: "आमकां भंय दिसतालें." आम्हाला भीती वाटत होती. भाचीने वहीत दोन्ही लिहून घेतलं, मधे रेघ मारून.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला: 'एका वाक्यात उत्तर लिहा — जनमत कौल कधी झाला?' तिने तारीख लिहिली. पूर्ण मार्क मिळाले.